सोलापुरात मानसिक आजारातून गेलेल्या माणसांचा आधार कसा मिळेल? आणि भावाला वॉर्डात बांधून ठेवलं होतं, त्याबद्दल कुठं बोलायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, बायपोलर (मन कधी फार वर चढतं, कधी पार खाली जातं तो आजार), वीस दिवस ॲडमिट होता, लिथियम (त्यावरची गोळी) चालू करून घरी सोडलंय पण कुणाशी बोलत नाही, डॉक्टर म्हणाले की यातून गेलेल्या एखाद्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या, आणि वॉर्डात एका रात्री त्याचे हातपाय बांधले होते त्याचं कारण विचारलं तर "तसं करावं लागतं" एवढंच उत्तर मिळालं. दोन्हीबद्दल लिहिते, जरा लांबेल.

मी सोलापूरचीच, युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये हिशेब बघते. २०११ पासून बायपोलरची पेशंट आहे, मीपण लिथियमवरच. आमचा सात-आठ जणांचा एक ग्रुप आहे, संस्था वगैरे काही नाही, ओपीडीच्या बाकावर तासन्‌तास बसून ज्या ओळखी झाल्या त्यातून जमलेला. रविवारी संध्याकाळी संभाजी तलावापाशी बसतो (घरातले म्हातारे अजून कंबर तलावच म्हणतात), चहा घेतो, ज्याला बोलायचंय तो बोलतो, ज्याला नाही तो नुसता बसून जातो. एक जण तर पहिले दोन महिने नुसता पाण्याकडं बघत बसायचा. सल्ला द्यायचा नाही हे मात्र आम्ही कडक पाळतो. व्यायाम कर, पॉझिटिव्ह राहा, अमक्या ठिकाणी नारळ फोड, हे सगळ्यांनी घरी पोटभर ऐकलेलं असतं. गोळी बंद कर नाहीतर वाढव हेही कुणी म्हणायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

मग त्याचा उपयोग काय असं वाटेल. माझंच सांगते. पहिल्यांदा आजार वर आला तो गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेत. चार रात्री झोप नाही, अंगात नुसती वीज, आणि हातातला सगळा पगार मी होम मैदानावर ओळखपाळख नसलेल्या पोरांना पाळण्यात बसवण्यात उडवला. नंतर औषधानं डोकं शांत झालं पण लाज काही जाईना, सहा महिने मी गल्लीत मान वर करून चालले नाही. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं की तो आजाराचा भाग होता, डोक्याला कळायचं, मनाला नाही. पुढं बाकावर भेटलेली एक बाई एकदम सहज म्हणाली, "मी तर सासूच्या बांगड्या विकून अख्ख्या गल्लीला जेवण घातलं होतं." आणि आम्ही दोघी रडेपर्यंत हसलो, त्या रात्री मी नीट झोपले. डॉक्टर म्हणतायत ते हेच बघा. तुमचा भाऊ बोलत नाही त्यात आजार किती आणि लाज किती हे बाहेरून कळत नाही, तेव्हा "बोल ना रे" म्हणून मागं लागू नका.

आमचं दुसरं काम म्हणजे ओपीडीत सोबत जाणं, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे. आमच्यात एक मावशी आहेत (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत), विड्या वळतात. औषध चालू झाल्यावर आवाज ऐकू यायचे थांबले पण बोटं थरथरायला लागली. पान कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, हे सगळं बोटांच्या टोकावरचं काम आहे, दिवसाला हजार वळणारी बाई सहाशेवर आली आणि त्यातल्याही कितीतरी कारखान्यात बाजूला काढायला लागले. मग त्या गुपचूप गोळ्या टाकून द्यायला लागल्या. ओपीडीत लेक सोबत जायचा. डॉक्टर विचारणार लेकाला, "झोपतात का? जेवतात का?" लेक सांगणार, "झोपतीय, पण गोळ्या घेईनाय." मावशी मध्ये बसलेल्या, दोन मिनिटांत कागद हातात, पुढचा पेशंट.

पुढच्या वेळेला मी सोबत गेले. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी वहीच्या पानावर चिठ्ठी केली, त्यांच्याच शब्दांत, मी फक्त लिहून काढलं: हाताला कंप आहे. विडी वळता येत नाही. हजाराच्या सहाशे होतात. दुसरी गोळी मिळंल का? डॉक्टरांनी लेकाकडं बघितलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "सर, मावशींनी लिहून आणलंय." चिठ्ठी मावशींनी स्वतः पुढं केली. डॉक्टरांनी वाचली, हात पुढं करायला लावले, बोटं बघितली, डोस बदलला आणि कंपावरची एक गोळी दिली. डॉक्टर माणूस चांगलाच होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. महिन्याभरात मावशी परत आठशे-नऊशेवर. तेव्हापासून आम्ही कुणाच्या वतीनं बोलत नाही, ज्याचं त्यालाच बोलायला जागा करून देतो. तुम्हीसुद्धा भावाबरोबर आत जाल तेव्हा पहिलं उत्तर त्याला देऊ द्या, तो दहा सेकंद गप्प बसला तरी गप्प बसू द्या, आपल्याला ते दहा सेकंद लई मोठे वाटतात.

आता बांधण्याचं. आपल्याकडं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू झालाय. त्याचं कलम ९७ याच गोष्टीवर आहे. पेशंटला किंवा दुसऱ्याला लगेच इजा व्हायचा धोका असेल आणि दुसरा इलाजच नसेल तेव्हाच बांधता येतं, तेही सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं आणि गरजेपुरता वेळ. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणून तर अजिबात नाही. का बांधलं, किती वेळ बांधलं हे केसपेपरवर लिहावं लागतं आणि पेशंटच्या नेमलेल्या प्रतिनिधीला (पेशंटनं स्वतः आपल्या बाजूनं बघायला निवडलेला माणूस) २४ तासांत कळवावं लागतं. एकट्याला खोलीत कोंडून ठेवायला आणि साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे. ही बंदी उगाच आलेली नाही, २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं पळता न आल्यानं जळून गेली.

म्हणजे "तसं करावं लागतं" हे उत्तर पुरत नाही. भावाची इच्छा असेल तर (हे आधी त्याला विचाराच, रात्र त्याची होती) त्याच्या सहीनं वैद्यकीय रेकॉर्डची प्रत मागा, तो हक्क कलम २५ मध्ये आहे. त्यात बांधल्याची नोंद आहे का, कारण काय लिहिलंय ते बघा. मग हॉस्पिटलच्या प्रमुखाकडं लेखी तक्रार, पोच घेऊन. समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, ज्याला सगळे रिव्ह्यू बोर्डच म्हणतात. त्यावर न्यायाधीश आणि डॉक्टरांबरोबर स्वतः आजारातून गेलेले किंवा सांभाळणारे लोकही असावेत असं कायद्यातच आहे, मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. अर्जाला फी नाही. लिहायला मदत लागली तर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, वकील फुकट मिळतो.

मलाही एकदा बांधलं होतं, ओढणीनं, कायदा यायच्या आधी, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मनगटापेक्षा मला काय लागलं सांगू का, पाणी मागितलं तर कुणी वळून बघितलं नाही ते. त्यामुळं तक्रार करा न करा, पण "त्या रात्री तुला काय लागलं होतं" एवढं त्याला एकदा विचारा.

प्रतिनिधी नेमायचं काम मात्र आत्ताच करून टाका, तो बरा आहे तोवर. साधा कागद चालतो, माणूस सज्ञान पाहिजे, भावाची सही किंवा अंगठा. भाऊ तुम्हालाच नेमेल असं धरून चालू नका, मी माझ्या नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नेमलंय, घरात चार दिवस तोंडं वाकडी झाली मग सगळे निवळले. तसंच आगाऊ निर्देश म्हणून असतो, म्हणजे परत आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत हे आधीच लिहून ठेवायचं. इमर्जन्सीच्या उपचारांना तो लागू होत नाही, पण लिहिताना घरात जे बोलणं होतं त्याचाच खूप फायदा होतो. माझ्यात कुठलं इंजेक्शन सोसत नाही ते आहे, आणि मुलीला शाळेतून कोण आणणार तेही आहे.

लिथियमचं एक, सोलापूर आहे म्हणून. उन्हाळ्यात इथं पारा ४२-४३ च्या वर जातो, घाम आणि जुलाबानं अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. उलट्या, जास्त कंप, चालताना तोल जाणं दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी (ब्रुफेन वगैरे) गोळी स्वतःच्या मनानं आणायची नाही. रक्तातली लिथियमची लेव्हल तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात, म्हणजे सकाळी रक्त देऊन मगच गोळी, माझं हे दोनदा चुकलं आणि दोन्ही वेळा रिपोर्ट वाया गेला.

मोठ्या शहरांत यासाठी संस्था आहेत, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, व्यसनाचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण. आपल्याकडं जे आहे ते असं बाकावरचं आहे. रात्री-अपरात्री भाऊ जीव नको वाटतो असं काही बोलला तर ग्रुपची वाट बघू नका, १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात, आणि एकट्याला सोडू नका.

इथंच मेसेज करा, मी रविवार सांगते. पहिल्या दिवशी तुम्ही त्याला तलावापर्यंत सोडा आणि तिथंच जवळपास फेरी मारा, आमच्यात बसू नका, राग मानू नका. त्याला सांगा की आजाराचं काही बोलायचं नाहीये, चहा आहे, आणि एक काका दर आठवड्याला शेंगाचटणी-भाकरी घेऊन येतात.