व्हॅलेन्सियाला रिटायर व्हायचंय? आधी दिवस मोजा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ५७, पुढच्या वर्षी व्हीआरएस, वहिनी शाळेतून रिटायर झाल्यात, मुलगी जर्मनीत, डोंबिवलीत दोन फ्लॅट, त्यातल्या एकाचं भाडं येतं, एफडी आणि म्युच्युअल फंड आहेत, आणि प्लॅन असा की नऊ महिने स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला राहायचं, दर हिवाळ्यात तीन महिने डोंबिवलीला यायचं, आणि मधेमधे लॅपटॉपवरून थोडं कन्सल्टिंग. विचारलंय काय, तर महिन्याला किती पैसे लागतील. व्हिसाला किती दाखवावे लागतात ते सांगतेच, पण तुमची खरी गोची त्या तीन महिन्यांत आहे आणि ती कोणी सांगत नाही. आम्ही दोघं २०१९ मध्ये नाशिकहून इथे आलो, आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं.

व्हिसा तुमच्यासाठी एकच, नो लुक्रातिवा. म्हणजे पैसे तुमचे आणा, इथे खर्च करा, पण कमवू नका. कन्सल्टिंग विसरा, गिऱ्हाईक पुण्यातलं असो की अमेरिकेतलं, काम तुम्ही स्पेनमध्ये बसून करताय ना, मग या व्हिसावर चालत नाही. त्यासाठी डिजिटल नोमाडचा वेगळा व्हिसा आहे, त्याच्या अटी वेगळ्या. आणि घर घेऊन मिळायचा तो गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला, अजून कोणी एजंट त्याचं गाजर दाखवत असेल तर तिथून उठून या.

पैशाचा हिशोब इप्रेम नावाच्या सरकारी आकड्यावर चालतो. गेली काही वर्षं तो महिना ६०० युरो आहे. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट आणि सोबतच्या प्रत्येकाला एक पट, म्हणजे तुम्हा दोघांना वर्षाला ३६,००० युरो. युरो शंभर रुपयाला धरला तर ३६ लाख. भाडं, व्याज, पेन्शन, बँकेतली शिल्लक सगळं मिळून दाखवता येतं. पण राहण्याच्या परवान्याचं पहिलं कार्ड एकाच वर्षाचं असतं, आणि रिन्यूअलला पुढच्या दोन वर्षांचे पैसे एकदम दाखवायचे असतात. म्हणजे पहिल्या वर्षी कसंबसं जमवलं आणि मग बघू, असं करू नका.

आता दिवस. एक वर्षाचं कार्ड, मग दोन, मग परत दोन, आणि पाच वर्षं झाली की लार्गा दुरासियोन म्हणजे कायमसारखं कार्ड मिळतं. त्यानंतर दर वेळी बँक स्टेटमेंट नाचवावं लागत नाही, कामही करता येतं. पण त्या पाच वर्षांत स्पेनच्या बाहेर सगळे दिवस मिळून १० महिन्यांच्या वर राहायचं नाही, आणि सलग सहा महिन्यांच्या वर तर नाहीच. तुमचे दर वर्षी तीन, म्हणजे पाच वर्षांत १५ महिने. चौथ्या हिवाळ्यातच तुमचा कोटा संपतो. आणि उद्या लेकीच्या बाळंतपणाला वहिनी तीन महिने जर्मनीला गेल्या तर ते पण बाहेरचेच दिवस, युरोपात आहे म्हणून सूट नाही. आमचं हेच झालं. माझी आई आजारी पडली, मी दोन खेपांत मिळून जवळजवळ वर्षभर नाशिकला होते, त्याचं वाईट वाटत नाही, परत तेच करेन, पण पाच वर्षांनी नवऱ्याच्या हातात मोठं कार्ड आलं आणि माझं परत तात्पुरतंच रिन्यू झालं. पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसले होते हो मी, पंचांग बघावं तसं. तुमच्या घरी म्हातारं कोणी आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर हा हिशोब पैशाच्या आधी मांडा.

दुसरा दिवसांचा आकडा १८३. वर्षात त्याहून जास्त दिवस इथे राहिलात की तुम्ही स्पेनचे टॅक्स रेसिडेंट, आणि मग भारतातलं उत्पन्नही इथे दाखवायचं. भारताशी दुहेरी कर टाळायचा करार आहे त्यामुळे तिथे भरलेला टॅक्स नियमाप्रमाणे वजा मिळतो, पण आपल्याकडे जे टॅक्स फ्री ते इथेही फ्री असं समजू नका, पीपीएफचं व्याज हे त्यातलं पहिलं. बचतीच्या उत्पन्नावर पहिल्या ६,००० युरोला १९ टक्के, तिथून ५०,००० पर्यंत २१, पुढे चढत जातो. शिवाय मोदेलो ७२० नावाचा फॉर्म, बाहेरच्या देशातली बँक खाती, गुंतवणूक आणि घरं यापैकी कुठलाही एक गट ५०,००० युरोच्या वर गेला की मार्च अखेरपर्यंत कळवायचं. डोंबिवलीचे दोन फ्लॅट आहेत, तेव्हा तुम्ही त्यात येता का ते बघून घ्या. तो भरल्याने टॅक्स लागत नाही, नुसती माहिती आहे. यासाठी खेस्तोर धरायचा, म्हणजे आपला सीए आणि आरटीओ एजंट एकत्र केले की जो तयार होतो तो माणूस. आणि तिकडे निघायच्या आधी बँकेत जाऊन खाती एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाची, करायचं बोलून घ्या, लोक वर्षानुवर्षं साध्या सेव्हिंगवरच चालवतात आणि मग अडकतात.

कागदांत सगळ्यात आधी मॅरेज सर्टिफिकेट बघा. हसू नका. आमचं लग्न हॉलमध्ये झालं, पत्रिका आहे, अल्बम आहे, व्हिडिओ कॅसेट आहे, सर्टिफिकेट नाही. सत्तावीस वर्षांनी साक्षीदार गोळा करून नोंदणी केली. मग त्याला अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, आणि त्यावर शपथेवर केलेलं स्पॅनिश भाषांतर. पोलीस क्लिअरन्सचंही तसंच, पण ते शेवटी काढा कारण ते शिळं होतं. नावाचं एक आहे, आपलं मधलं नाव म्हणजे वडील किंवा नवरा, आणि इथे प्रत्येकाला दोन आडनावं, त्यामुळे खासगी दवाखान्यात मला नवऱ्याच्या नावाने पुकारतात आणि आम्ही दोघं उठून उभे राहतो. सगळ्या कागदांवर स्पेलिंग पासपोर्टसारखंच हवं, एक अक्षर इकडे तिकडे चालत नाही.

मेडिकल इन्शुरन्स स्पेनमध्ये चालणारा, को-पेमेंट म्हणजे बिलात आपला वाटा नसलेला, वेटिंग पिरियड नसलेला हवा. बीपी शुगर असेल तर कंपन्या नाक मुरडतात, आणि ठराविक वयानंतर नवा ग्राहक घेतच नाहीत. म्हणून व्हीआरएसचा अर्ज द्यायच्या आधी इन्शुरन्सवाल्याचा होकार घ्या, उलटं नको. इथे एक वर्ष काढलं की कोन्वेनियो एस्पेसियाल म्हणून सरकारी दवाखान्याची सोय पैसे भरून मिळते, ६५ च्या खाली महिना ६० युरो, वर १५७, आधीच्या आजाराला नकार नाही, फक्त औषधं पूर्ण पैशाने.

घर. कमावत्या माणसाची सॅलरी स्लिप मागतात, ती आपल्याकडे नसते, त्यामुळे नकार ऐकायची तयारी ठेवा. भाडी आम्ही आलो तेव्हापेक्षा खूप वाढलीत. लांबच्या करारात घरमालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहायचा हक्क असतो आणि एजंटची फी मालकाने द्यायची, २०२३ चा कायदाच आहे, म्हणून बरेच मालक अकरा महिन्यांचा तेम्पोरादा म्हणजे हंगामी करार पुढे करतात. अकरा महिने म्हटल्यावर आपल्याला माहेरचं वाटतं, पण सही करायच्या आधी एवढं विचारा की या घरावर एम्पाद्रोनामिएन्तो करू देणार का, म्हणजे महापालिकेत राहत्या पत्त्याची नोंद, कारण तिच्यावाचून पुढची कामं अडतात. आणि मजला स्वतः चढून बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या वर एन्त्रेसुएलो, त्यावर प्रिन्सिपाल आणि मग कुठे पहिला, लिफ्ट असेलच असं नाही, तुमच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंयत म्हणून सांगते.

एरिया निवडताना पाण्याचा विचार करा. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली, जुन्या पात्रात आता लांबच लांब बाग आहे, आमचं रोजचं फिरणं तिथेच. २९ ऑक्टोबर २०२४ ला जो पूर आला त्यात या नव्या पात्रामुळे शहराचा बराचसा भाग वाचला पण दक्षिणेच्या पायपोर्ता, कातारोखा अशा गावांचे हाल झाले, दोनशेच्या वर माणसं गेली. तिथे भाडं कमी दिसलं तरी तळमजला घेऊ नका. थंडी बाहेर कमी आणि घरात जास्त असते, फरशा गार, भिंती दमट, बऱ्याच घरांत हीटिंगच नाही. काही घरांत अजून सिलिंडर येतो, नारिंगी रंगाचा, पहिल्यांदा बघून मला घरच्यासारखं वाटलं होतं.

शाकाहारी आहात तर नुसतं सिन कार्ने म्हणू नका. कार्ने म्हणजे मटण, त्यात हॅम आणि ट्युना येत नाही अशी इथल्या वेटरची प्रामाणिक समजूत असते. मांस नको, मासा नको, हॅम नको असं तिन्ही म्हणा. बटाट्याची तोर्तिया मिळते पण त्यात अंडं. व्हॅलेन्सियाच्या असली पाएयात, म्हणजे इथल्या भातात, ससा आणि कोंबडी. तूरडाळ, कढीपत्ता, गव्हाचं पीठ पाकिस्तानी दुकानात मिळतं, कोथिंबीर दक्षिण अमेरिकन दुकानात, बेसन सुपरमार्केटलाही. तूप बॅगेत टाकू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे.

भाषेचं मात्र आजपासूनच सुरू करा, आणि दोघांनी. ऑफिसांत, दवाखान्यात, गॅसवाल्याशी इंग्रजी चालत नाही. आपल्याला वाटतं तेवढं अवघड नाही, त आणि द आपलेच आहेत, निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग पुल्लिंग असतं याचं इंग्रज माणसाला जेवढं नवल वाटतं तेवढं आपल्याला वाटत नाही. पगार हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, स्पॅनिशमध्येही पागार म्हणजे पैसे देणं. सुरुवातीला बाजारात मी "कियेरो पागार", म्हणजे पैसे द्यायचेत, म्हणायचे आणि मनात यायचं, व्हीआरएस घेतलेला माणूस पगार मागतोय. प्रौढांसाठी सरकारी शाळांत जवळजवळ फुकट वर्ग असतात. माझा नवरा गेला नाही, "तू आहेस ना" म्हणाला, मी नाशिकला होते तेव्हा गीझर बिघडला तर व्हिडिओ कॉलवर मी तिकडून प्लंबरशी बोलत होते, रात्री बारा वाजता.

नागरिकत्वाचं शेवटी विचारलंयत. आपल्याला १० वर्षं, लॅटिन अमेरिकेतल्या लोकांना दोन, आणि घेतलंत तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो. आम्ही तो विचार सोडून दिलाय.

माझं ऐकाल तर फ्लॅट दोन्ही राहू द्यात. आधी टुरिस्ट व्हिसावर जानेवारी फेब्रुवारीत येऊन राहा, मेमध्ये सगळ्यांनाच आवडतं. मार्च लागला की १९ तारखेपर्यंत रोज दुपारी दोनला पालिकेच्या चौकात मास्क्लेता म्हणजे नुसत्या आवाजाचे फटाके असतात, वहिनींना आवाजाचा त्रास आहे का तेही तेव्हाच कळेल. आणि येताना कुकर आणू नका, इथे चांगले मिळतात, शिट्टी होत नाही एवढंच. चकलीचा सोऱ्या तेवढा घेऊन या.