समज शाबूत आहे तोवर

ताई, यजमानांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असले, तरी ते आजही व्यवहार समजून सही करू शकतात आणि पुढची सारी व्यवस्था याच काळात व्हायला हवी. बहुतेक जण आधी कुलमुखत्यारपत्राकडे, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या दस्तऐवजाकडे, धावतात. परंतु भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार ते देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की मुखत्यारी संपते, म्हणजे ज्या काळासाठी ते हवे असते नेमक्या त्याच काळात ते निरुपयोगी ठरते. (परदेशातील मुले तिकडच्या कायद्यावरून वेगळे सांगतील, ते इथे लागू नाही.)

म्हणून मृत्युपत्र आधी करावे. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली, तरी ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे आणि यजमानांना व्यवहार कळतो असे डॉक्टरांचे त्याच दिवसाचे प्रमाणपत्र जोडावे, कारण वाद झालाच तर तो बहुधा मनःस्थितीवरूनच होतो.

बँकेतील खाती व ठेवी ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याने व्यवहार करावा अशा रीतीने, संयुक्त करून घ्या. सोसायटीतील नामनिर्देशनही तपासा, मात्र केवळ त्यामुळे कोणी सदनिकेचा मालक होत नाही. सदनिका विकायची शक्यता असेल, तर तो निर्णय लांबवू नका. त्यांची समज गेल्यावर त्यांच्या वतीने विक्री करण्यासाठी पालक म्हणून नेमणूक मागायला सहसा उच्च न्यायालयात जावे लागते, आणि पुणेकरांसाठी ते मुंबईलाच आहे.

निवृत्तिवेतन असल्यास नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याचे काम आतापासूनच तुमच्याकडे घ्या.