मधलं पाणी ओलांडून लिपिड बाहेर जातं कसं?

प्रश्न : मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रंग दिलेल्या स्लाइडवर गुलाबी काड्या दिसल्या की ग्रॅम-निगेटिव्ह (दोन पटलांचे जंतू) लिहून मोकळी होते. या जंतूंवर व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालत नाही, कारण त्यांचं बाहेरचं पटल ते आत येऊ देत नाही, हे ठाऊक आहे. पण ते पटल लिपिडचं, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं, लिपिड बनतं आतल्या पटलात आणि दोन्हींच्या मध्ये पाणी. मग माल पलीकडे पोचतो कसा?

उत्तर : बरोबर जागी बोट ठेवलंत. तोंडी परीक्षेत मी ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूची आकृती काढायला सांगायचो. मुलं दोन पटलांच्या दोन रेघा ओढायची, मधल्या जागेत तिचं नाव ‘पेरिप्लाझम’ लिहायची आणि पेन खाली ठेवायची. पुस्तकातच ती जागा कोरी असते, मुलांना काय बोलणार! प्रत्यक्षात त्या वीस-पंचवीस नॅनोमीटरच्या फटीत प्रथिनांची खच्चून दाटी असते.

अडचण दुहेरी आहे. लिपिडच्या शेपट्यांना पाणी सोसत नाही, म्हणून त्याला मोकळं सोडून चालत नाही. शिवाय पेरिप्लाझममध्ये एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, नसतं. म्हणजे जो काही जोर लावायचा तो पेशीच्या आतूनच.

बाहेरच्या पटलाची दर्शनी बाजू मुख्यतः लायपोपॉलिसॅकराइड या साखर जोडलेल्या लिपिडची, म्हणजे एलपीएसची. व्हँकोमायसिनसारख्या धिप्पाड रेणूला रोखण्यात त्याचा मोठा वाटा. चांगल्या माध्यमात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, तेव्हा मिनिटाला एलपीएसचे हजारो रेणू बाहेर जावे लागतात. हे काम एलपीटी-ए ते एलपीटी-जी अशी सात प्रथिनं करतात. त्यांतली काही आतल्या पटलात बसून एटीपी खर्चतात आणि एलपीएस उपसून वर काढतात. एलपीटी-ए साखळीसारखं जोडलं जाऊन फटीवर पूल बांधतं. पुलाला पन्हळ असते. शेपट्या पन्हळीत लपतात, साखरेचा भाग पाण्यात राहतो. पलीकडे एलपीटी-डी नावाचं पिंप आहे, ते बाजूनं उघडतं आणि रेणू थेट बाहेरच्या थरात सरकतो. कसारा घाटात गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात ना, तसं सगळं रेटणं मागून. नवा रेणू पुढच्याला ढकलतो.

बाहेरच्या पटलाची आतली बाजू फॉस्फोलिपिड या दुसऱ्या लिपिडची. त्याचा रस्ता मात्र फार उशिरा सापडला, आणि मला तोच भाग जास्त रंजक वाटतो. 2021-22 मध्ये टॅम-बी, वायएचडी-पी आणि वायडीबी-एच ही तीन लांबलचक प्रथिनं पुढे आली. यांतलं कुठलंही एक शिल्लक ठेवलं तरी ई. कोलाय तग धरतो. तिन्ही काढली तर मरतो. यांनाही आतून तेलकट पन्हळ असते. माणसाच्या पेशीतलं व्हीपीएस-13 हे प्रथिनही याच धाटणीचं पूल आहे.

उलटी वाहतूकही चालते. फॉस्फोलिपिड चुकून दर्शनी थरात शिरलं की भिंत तिथे कच्ची होते. एमएलए नावाची यंत्रणा असे घुसखोर उचलते आणि एमएलए-सी हे छोटं प्रथिन त्यांना पोटाशी धरून पाण्यातून आतल्या पटलाकडे नेतं. हे 2009 मध्ये मांडलं गेलं. पुढे काही प्रयोगांवरून ही यंत्रणा उलट बाहेरच माल नेते असा वाद झाला. मी ‘परत आणते’ या बाजूचा. एमएलए बंद पडल्यावर दर्शनी थरात फॉस्फोलिपिड साचतं, हा पुरावा मला वजनदार वाटतो.

तुमच्या कामाशी याचा संबंध औषधांतून येतो. स्यूडोमोनास या जंतूच्या एलपीटी-डीला अडवणारं म्युरेपाव्हाडिन हे औषध आशादायक होतं, पण मूत्रपिंडांना इजा होऊ लागल्यानं 2019 मध्ये त्याच्या शिरेतून द्यायच्या चाचण्या थांबल्या. 2024 च्या जानेवारीत झोसुराबाल्पिन या दुसऱ्या औषधाची माहिती प्रसिद्ध झाली. ते अ‍ॅसिनेटोबॅक्टर बॉमनी या जंतूचं एलपीएस आतल्या पटलातल्या यंत्रातच अडकवून ठेवतं. आयसीयूच्या नमुन्यांत कार्बापेनेम या जोरदार अँटिबायोटिकांना दाद न देणारा हा जंतू तुम्ही पाहिला असेलच. ई. कोलायवर मात्र हे औषध चालत नाही, त्यामुळे लघवीच्या कल्चरच्या रिपोर्टात त्याचा रकाना शोधू नका.