कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचा जुना अडॅप्टर गेला, मोबाइलचा चार्जर चालेल का?

एकट्या चार्जरवर भागणार नाही. कमोडोर ६४ ला दोन पुरवठे लागतात: ५ व्होल्ट डीसी (साधारण दीड अँपिअर) आणि ९ व्होल्ट एसी. एसी टाळता येत नाही. जुन्या बोर्डांवर आवाजाच्या आणि चित्राच्या चिपचे १२ व्होल्ट त्यातूनच तयार होतात.

जुना ठोकळा उघडायच्या भानगडीत पडू नका. आत सगळं रेझिनमध्ये बुडवलेलं असतं. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेला की ५ व्होल्ट वर चढतात आणि बहुतेकदा पहिला बळी रॅमचा, म्हणजे मेमरी चिपचा.

त्यापेक्षा नवा बांधा. चांगल्या कंपनीचा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा एसएमपीएस (भिंतीच्या विजेचं स्थिर डीसी करणारा पॉवर सप्लाय), शेजारी २३० ते ९ व्होल्टचा १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, दोन्हीकडे फ्यूज, सगळं बंद डब्यात. कॉम्प्युटरमध्ये घुसणाऱ्या सात पिनांच्या गोल डिन प्लगमध्ये ५ नंबरला +५, २ ला ग्राउंड, ६ आणि ७ ला एसी. हे नंबर ओळीने नसतात बरं का, प्लगवर कोरलेले आकडे बघूनच सोल्डर करा. २३० च्या वायरिंगचा सराव नसेल तर तेवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

मशीन जोडण्याआधी ५ व्होल्टवर ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावून मीटरने मोजा (तो चांगलाच तापतो, हात लावू नका). ४.९ ते ५.१ च्या बाहेर गेलं तर मशीनला लावायचं नाही.