बॅग उभी की आडवी?

गेल्या महिन्यात अमळनेरहून एका बाईंचा फोन आला. मुलीला स्थळ आलंय, मुलगा विमान कंपनीत पायलट, पगार दणदणीत, माणसं चांगली. "पण मॅडम, तो घरी किती राहणार? पोरीचा संसार कसा व्हायचा?"

मी समुपदेशक आहे, हा प्रश्न मला नवा नाही. पूर्वी तो मिल्ट्रीतल्या मुलांबद्दल यायचा, मग मर्चंट नेव्हीबद्दल. आता धुळ्याजवळ गोंदूरला शिकाऊ विमानं डोक्यावरून घिरट्या घालतात, त्यामुळे पायलट होणं ही खान्देशात सांगोवांगीची गोष्ट राहिलेली नाही. बाईंना मी हो किंवा नाही सांगितलं नाही. एका घराबद्दल सांगितलं. तेच इथे लिहिते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो पस्तिशीचा, फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक, बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, मुंबई. ती जिल्हा परिषदेची शिक्षिका, शाळा यावल तालुक्यात. ती आणि सहा वर्षांची मुलगी भुसावळला सासू-सासऱ्यांजवळ राहतात. सासरे रेल्वेतून निवृत्त, जन्मभर इंजिनावर. ड्रायव्हरला रेल्वे आता लोको पायलट म्हणते, म्हणून ते ऐटीत सांगायचे, "आमच्या घरात दोन पायलट. एक रुळावरचा, एक आभाळातला."

माझ्याकडे आधी ती आली, मुलीला घेऊन. कारण घडलं होतं ते असं. मुलीने बाबाचं विमानतळाचं ओळखपत्र लपवलं. ते कार्ड नसेल तर पायलटलाही आत सोडत नाहीत. घर उलटंपालटं केलं, गाडी चुकली, कंपनीला कळवावं लागलं, त्याची फ्लाइट स्टँडबायवाल्याकडे गेली आणि वर खुलासा लिहून द्यावा लागला. दोन दिवसांनी सासूबाई तांदूळ काढायला बसल्या तर कार्ड डब्यात, वीतभर खाली. तो फोनवरून मुलीवर असा ओरडला की तिने आठवडाभर त्याचा फोन घेतला नाही.

मी मुलीला घराचं चित्र काढायला दिलं. तिने आई काढली, आजी-आबा काढले, कूलर काढला. बाबा नव्हता. दाराशी एक काळी चाकांची बॅग होती, आबांपेक्षा मोठी. "ही उभी असली की बाबा जाणार. आडवी असली की राहणार," ती म्हणाली. सकाळी उठली की दात घासायच्या आधी ती बॅग बघून यायची.

तो तिसऱ्या भेटीला आला. त्याआधी रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, बदलल्यामुळे तीनदा वेळ बदलली होती. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने विचारलं, "हे कुठे कळणार नाही ना?" पायलटचं लायसन्स मेडिकलवर टांगलेलं असतं. समुपदेशकाकडे गेलो म्हणजे डोक्यात बिघाड, असा अर्थ कुणी काढेल ही त्याची धास्ती. खरं तर डीजीसीएनेच, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानेच, २०२३ मध्ये विमान कंपन्यांना पीअर सपोर्टची, म्हणजे पायलटाने पायलटाशी मन मोकळं करायच्या सोयीची, शिफारस केली आहे. पण धास्ती परिपत्रकाने जात नाही.

आता प्रत्येकाची तक्रार ऐका. ती म्हणाली, "आठवडा-आठवडा मी एकटी घर ओढते. हा एक दिवस येतो आणि गॅसच्या टाकीपासून पोरीच्या ट्यूशनपर्यंत सगळ्यात नाक खुपसतो." तो म्हणाला, "मी माझ्याच घरात पाहुणा आहे." सासरे काही बोलले नाहीत. सासूबाईंनी मात्र अहिराणीत एका वाक्यात निकाल लावला: "घर येस, पन घरमा ऱ्हास नही." घरी येतो, पण घरात नसतो.

माझी पहिली सूचना साफ चुकली. मी पुस्तकी सल्ला दिला, रोज रात्री नऊला मुलीशी व्हिडिओ कॉल. पहिल्या आठवड्यात सातांपैकी चार वेळा नऊ वाजता तो हवेत होता, आणि मुलगी फोन मांडीवर घेऊन झोपून गेली. ठरलेली वेळ ज्याची नोकरीच पाळू देत नाही, त्याला ठरलेली वेळ देणं म्हणजे रोज नवा अपेक्षाभंग. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

मग आम्ही कागदावर तास मांडले. पायलटांची आठवड्याची सलग विश्रांती १ जुलै २०२५ पासून ३६ वरून ४८ तास झाली. घरच्यांना वाटत होतं, दोन दिवस मिळतात तरी याचं तोंड उतरलेलंच. पण मुंबई ते भुसावळ साधारण ४४० किलोमीटर. दारापासून दारापर्यंत जायला आठ तास, यायला आठ. हा प्रवास स्वतःच्या मर्जीचा, कंपनी तो ड्यूटीत धरत नाही. ४८ मधून १६ गेले. दोन रात्रींची झोप, आणखी १६. उरले सोळा.

सासरे पहिल्यांदा पुढे झुकले. "सोळा? आम्हालाही हेडक्वार्टरला, म्हणजे घरच्या स्टेशनला, सोळाच तास रेस्ट असायची. आणि आमच्या सोळात झोपही आली."

तिथून सासूबाई बोलायला लागल्या. कॉल बॉय, म्हणजे ड्यूटीची वर्दी देणारा रेल्वेचा माणूस, रात्री-अपरात्री क्वार्टरचं दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा, डबा भरायचा, हे निघाले. सकाळी परत आले की खिडक्यांना गोधड्या टांगायच्या आणि दारात स्वतः बसायचं. भाजीवाली आली तरी ओठावर बोट. "पोरं खेळायला शेजारी. मेचा महिना असो की काही असो, ह्यांची झोप म्हणजे झोप. त्या इंजिनामागे माणसं बसलेली असतात ना."

मी विचारलं, "आणि मुलगा आला की?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला. मुलगा येणार म्हटलं की ते गल्लीत, मंडळात, भाऊबंदांत सांगून मोकळे व्हायचे. सकाळी दहाला बैठकीत चार माणसं. पोराला पायलट करायचंय, खर्च किती, लोन मिळतं का, विमान आपोआप चालतं म्हणतात ते खरं का. पहाटे दोन ते सहा ही शरीर सगळ्यात ढेपाळण्याची वेळ. ती कॉकपिटमध्ये जागून काढलेला माणूस लाल डोळ्यांनी चहाचा कप धरून उत्तरं द्यायचा. शिक्षणाला पन्नास लाखांच्या वर लागले होते, त्यात वडिलांचा फंड गेला होता. बापाला नको म्हणायची त्याची हिंमत नव्हती. बैठक उठली की चिडचिड निघायची बायकोवर, ट्यूशनवर, गॅसच्या टाकीवर.

बाप हे सगळं स्वतः जगला होता. तरी त्याला मुलाची झोप दिसली नाही, कारण मुलाचा युनिफॉर्म पांढरा होता. माझ्या खोलीत हा माणूस पाच मिनिटं गप्प होता.

आम्ही ठरवलं त्यातली पहिली गोष्ट घरात कुणालाच आवडली नाही: दर आठवड्याला यायचं नाही. एका विश्रांतीला मुंबईच्या खोलीवरच राहून झोपायचं, आणि रजा जोडून पंधरवड्यातून एकदा तीन दिवस यायचं. सासूबाई रडल्या. पण मला सोळा तासांच्या चार भेटींपेक्षा पुरत्या दोन बऱ्या वाटल्या, आजही वाटतात.

आल्यावर पहिली झोप, मग जेवण, मग मुलगी. पैसे, दुरुस्ती, तक्रारी दुसऱ्या दिवशी. घरातले रोजचे निर्णय तिचे, आणि ती सांगेल तेव्हा त्याने ऐकायचं, दुरुस्त करायचं नाही. यावर दोन भेटी गेल्या. तो चेकलिस्टचा माणूस, चूक दिसली की बोलणं हीच त्याची नोकरी. शेवटी तीच म्हणाली, "विमानात कॅप्टनचं ऐकतोस ना तू? मग इथे कॅप्टन मी आहे." त्याला हे बरोबर कळलं. एक काम पूर्ण त्याचं राहिलं, लाइटबिल, विमा आणि कर्जाचे हप्ते, कारण ते हॉटेलच्या खोलीतून होतं.

मुलीसाठी व्हिडिओ कॉल बंद. रोज तो दोन मिनिटांचा आवाज पाठवतो: आज ढग कसे होते, नाश्त्याला काय होतं, हॉटेलच्या पोह्यात शेंगदाणे कसे नव्हते. ती शाळेला निघताना ऐकते. तिला उलट बोलायचं असेल तर बोलते, नसेल तर नाही. सणांचं म्हणाल तर दिवाळी रोस्टरवर सोडली, कानबाई, हा खान्देशातला देवीचा सण, धरली. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, पंचांगात आधीच कळतो, रजेचा अर्ज सगळ्यांच्या आधी टाकता येतो, आणि दिवाळीइतकी त्यासाठी कंपनीत झुंबड नसते. रोटांना, म्हणजे कानबाईच्या प्रसादाला, घरचा माणूस हजर, म्हणून सासूबाईंची निम्मी तक्रार तिथेच विरली.

सगळं सुटलं असं नाही. उद्या तो कॅप्टन झाला तर बेस बदलू शकतो. तिची आंतरजिल्हा बदली कधी होईल, होईल का, हे टांगलेलंच आहे. मामा वारले तेव्हा तो लेओव्हरला, म्हणजे ड्यूटीच्या मुक्कामाला परगावी होता, तिसऱ्या दिवशी पोचला, आणि मामेभाऊ अजून त्याच्याशी तुटक बोलतात. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

अमळनेरच्या बाईंना मी एवढंच विचारलं: मुलाचा बेस कुठे, तुमची मुलगी नोकरी सोडणार की नाही, आणि तो रात्रपाळी करून आला तर दाराशी कोण बसणार? पहिल्या दोनाची उत्तरं त्यांच्याकडे होती. तिसऱ्यासाठी "विचारून सांगते" म्हणाल्या.

हे लिहायची परवानगी घ्यायला मी भुसावळच्या घरी फोन केला. सकाळचे दहा वाजले होते. सासऱ्यांनी उचलला. मागे कुणीतरी पायलटसाहेबांना भेटायचंय म्हणत होतं, आणि त्याला हे दारातच थोपवत असावेत. मी नाव सांगितलं तर कुजबुजले, "पोऱ्या जपेल शे. मंग करा." मुलगा झोपलाय, नंतर करा. आणि फोन ठेवून दिला.