पुलाला टोल नाही, मग रोखे फेडायचे कोणी?

प्रश्न : शहरातील रस्ते आणि नाल्यांवरील पूल महापालिकेने कर्जरोखे काढून बांधावेत, असे काहीजण म्हणतात. टोल नसेल तर हे पैसे परत कसे होणार?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : बहुतांशी आपल्याच घरपट्टीतून. पूल स्वतः कमावत नाही, म्हणून रोखे विकत घेऊन पालिकेला व्याजाने पैसे देणारा गुंतवणूकदार पूल पाहत नाही, तर वसुलीची वही पाहतो. त्याचा भरवसा बसावा यासाठी ठरावीक कराची रक्कम आधी एका राखीव बँक खात्यात जमा केली जाते आणि व्याज व मुद्दलाचा हप्ता बाजूला काढल्यावरच उरलेले पैसे पालिकेला खर्चता येतात. समजा, 10 कोटींचे रोखे 8 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी काढले आणि मुद्दल शेवटी एकरकमी द्यायचे ठरले, तर व्याजच वर्षाला 80 लाख होते. शिवाय मुद्दलासाठी दरवर्षी वेगळी गंगाजळी साठवावी लागते, आणि गाडे अडते ते बहुधा इथेच.

आपल्याच राज्यात बंगळूर महापालिकेने 1997 मध्ये राज्याच्या हमीवर 125 कोटींचे रोखे काढले. पुढच्याच वर्षी अहमदाबादने अशा हमीशिवाय 100 कोटी उभे केले. 2015 पासून अशा रोख्यांच्या सार्वजनिक विक्रीला सेबीचे, म्हणजे रोखे-शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम लागू आहेत. तेव्हा आधी विचारावे ते घरपट्टीच्या थकबाकीबद्दल. पुलाचा नकाशा नंतर पाहता येईल.