निधी आटल्यावर लहान सामाजिक संस्था तग कशी धरेल?

आपला प्रश्न असा आहे की, मुख्य देणगीदाराने हात आखडता घेतल्यावर एखादी लहान सामाजिक संस्था टिकवायची कशी, आणि बाहेरून मदत करू इच्छिणाऱ्या माणसाने नेमके काय करावे. मी काही वर्षे अशा संस्थांचे हिशेब विनामोबदला पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, नवे देणगीदार शोधायला निघण्याआधी संस्थेकडे मोकळा पैसा किती उरला आहे, हे तपासावे.

मोकळा पैसा म्हणजे कोणत्याही एका कामासाठी बांधलेला नसलेला पैसा. एका संस्थेच्या बैठकीत खजिनदारांनी बँकेतील शिल्लक वाचून दाखवली आणि सगळे निर्धास्त झाले. मग आम्ही त्याच कागदाच्या मागे पेन्सिलीने दोन रकाने आखले. अमुक प्रकल्पावरच खर्च करायची, या अटीवर आलेली रक्कम डावीकडे लिहिली आणि संस्थेला स्वतःच्या निर्णयाने वापरता येईल अशी रक्कम उजवीकडे. शंभरातले सुमारे ऐंशी डावीकडे गेले. उजवीकडे जे उरले, त्यात कार्यालयाचे भाडे आणि दोन कार्यकर्त्यांचे मानधन जेमतेम सहा आठवडे भागले असते. खजिनदार बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिले. त्यांच्या कामात कसूर नव्हती. ताळेबंद वर्षातून एकदा तयार होतो आणि तो झालेल्या वर्षाचा हिशेब देतो, येणाऱ्या महिन्यांचा नाही.

म्हणून पुढील 13 आठवड्यांचा तक्ता करावा आणि त्यात प्रत्येक आठवड्याला किती रक्कम येणार व किती जाणार, हे मांडावे. ज्या रकमेचा नुसता शब्द मिळाला आहे, ती जमेत धरू नये. हिशेब जाणणारा कोणीही स्वयंसेवक हे काम एका दुपारी करून देऊ शकतो आणि ते एखाद्या चांगल्या देणगीइतकेच संस्थेच्या उपयोगी पडते, असे मला मनापासून वाटते.

तीन ते सहा महिन्यांचा खर्च राखीव निधीत असावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. सल्ला योग्य आहे, पण लहान संस्थांना तो पाळता येत नाही, याचे मुख्य कारण देणगीदारांच्या अटींत आहे. प्रकल्पाला पैसा मिळतो. भाडे, वीज, लेखापरीक्षण, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण यांना मिळत नाही. मग संस्था प्रशासकीय खर्च आहे त्यापेक्षा कमी दाखवते, तो आकडा पाहून देणगीदाराला वाटते की एवढ्यात भागते, आणि पुढच्या वर्षी त्यालाही कात्री लागते. 2009 मध्ये अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी याला सामाजिक संस्थांच्या उपासमारीचे चक्र म्हटले होते. महासाथीच्या काळात काही मोठ्या देणगीदारांनी ते मोडून दाखवले. जुलै 2020 मध्ये अमेरिकेतील धनाढ्य देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी 116 संस्थांना जवळपास 1.7 अब्ज डॉलर दिल्याचे जाहीर केले, तेही कशावर खर्च करावे याची अट न घालता. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशन या अमेरिकेतील मोठ्या देणगीदार संस्थेने सामाजिक संस्थांना वाढीव मदत देता यावी म्हणून 1 अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढले. आपण स्वतः देणगीदार असाल, तर रक्कम लहान असली तरी ती विनाअट द्यावी आणि शक्य असल्यास दोन-तीन वर्षांसाठी आधीच कबूल करावी.

संस्थेने आपली अडचण देणगीदारांपासून लपवू नये. पैसा संपायला आठवडा उरला असताना केलेल्या विनंतीने देणगीदार बिचकतो. तीच गोष्ट तीन महिने आधी तक्त्यासह सांगितली, तर चालू प्रकल्पातील शिल्लक भाड्याकडे किंवा मानधनाकडे वळवायला तो पुष्कळदा लेखी परवानगी देतो. या परवानगीशिवाय बांधलेल्या निधीला हात लावणे मात्र कटाक्षाने टाळावे.

खर्च कमी करताना सगळ्याच कामांना सारखी कात्री लावू नये, कारण त्यात प्रत्येक काम अर्धवट होते आणि कार्यकर्ते दुप्पट थकतात. जे काम दुसरी संस्था चांगले करत आहे, ते तिच्याकडे सोपवावे. दोन संस्थांनी मिळून एक जागा आणि एक लेखनिक ठेवला, तरी बराच भार हलका होतो. आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी: बँकेचे व्यवहार, संगणकाचे पासवर्ड आणि देणगीदारांचे संपर्क एकाच व्यक्तीकडे आहेत का? ती व्यक्ती आजारी पडली आणि त्यामुळे महिनाभर मानधन रखडले, असे मी पाहिले आहे, आणि त्या वेळी खात्यात पैसे होते.

आपण मदतीला जाणार असाल, तर स्वतःची योजना घेऊन जाऊ नये. कार्यकारिणीच्या एका बैठकीत बसण्याची परवानगी मागावी, गेल्या वर्षाचा ताळेबंद आणि देणगीदारांची मंजुरीपत्रे पाहायला मागावीत, आणि त्या दोन रकान्यांपासून सुरुवात करावी.